खोदकाम चालू, हेतू अज्ञात

माझी पोस्ट चारवर नेमणूक झाली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. नोकरीला बावीस वर्षं झाली होती. आमची पलटण शांतिसेनेत गेली होती, म्हणजे अनेक देशांचे सैनिक निळं हेल्मेट घालून परमुलखात उभे राहतात, त्या सेनेत. देशाचं नाव मी लिहीत नाही. लहान देश होता. त्याच्या सीमेपलीकडे मोठा देश. दोघांच्या मधल्या पट्ट्यात काय चाललंय ते बघायचं आणि कळवायचं, एवढंच आमचं काम. आम्ही कोणाच्याच बाजूचे नव्हतो. गोळी चालवायची ती फक्त स्वतःच्या बचावासाठी.

हे लिहायला लावलं गांगुर्डे सरांनी. ते निवृत्त शिक्षक, नाशिकला आमच्या कॉलनीत समोरच राहतात. सकाळी आम्ही पाच-सहा जण जॉगिंग ट्रॅकवर चार चकरा मारतो आणि मग बाकावर बसतो. हल्ली बातम्यांत कुठे ना कुठे एखादा मोठा देश लहान शेजाऱ्याच्या हद्दीत रणगाडे घालतो. त्यावर एक जण म्हणाले, "शेजाऱ्याकडून धोका आहे ना? मग वाट कशाला बघायची? आधीच घुसायचं आणि बंदोबस्त करून टाकायचा." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गांगुर्डे सर म्हणाले, "आहेर, तुम्ही फौजेत होतात. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "दोन वाक्यांत सांगता येणार नाही."

"मग लिहा."

पोस्ट चार एका टेकडीवर होती. एकोणीस जवान, एक बंकर, एक टेहळणी मनोरा, एक पाण्याची टाकी. खाली उतारावर गाव, साधारण साठ घरांचं. गावाच्या पुढे द्राक्षबागा आणि बागांच्या पुढे सीमेचं तारेचं कुंपण. रोजचा दिवस सारखाच. 0530 ला स्टँड टू, म्हणजे सगळे हत्यारांसह आपापल्या मोर्चावर. 0700 ला सकाळची पेट्रोल, म्हणजे गस्त. दिवसभर मनोऱ्यावर दोन-दोन तासांची ड्यूटी. 1600 ला संध्याकाळची पेट्रोल. 1800 ला मी दिवसाचा रिपोर्ट लिहून कंपनी हेडक्वार्टरला पाठवायचो. तो पुढे वर जायचा, आणि त्याचा गोषवारा दोन्ही देशांच्या लायझन ऑफिसरना, म्हणजे संपर्क अधिकाऱ्यांना, मिळायचा. पद्धतच तशी होती. दोघांनाही एकच माहिती मिळाली की संशय कमी होतो, असं त्यामागचं धोरण.

लान्स नायक यशवंत गावित माझ्या पोस्टवर होता. सुरगाणा तालुक्यातला, कोकणा समाजाचा. मी नांदगावकडचा. पलटणीत एका जिल्ह्याची माणसं फार नसतात, त्यामुळे आम्ही आपसांत मराठी बोलायचो. भरतीच्या आधी तीन हंगाम तो दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला मजुरीने गेला होता. पोस्टवरून खालच्या बागा बघून पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "साहेब, यांच्या काड्या लय लांब ठेवल्यात."

त्या बागांपैकी शेवटची, कुंपणाला सर्वात जवळची, इलियास नावाच्या म्हाताऱ्याची. सत्तरीचा असेल. मुलगा परदेशात नोकरीला. घरी तो आणि त्याची सून नादिया. गावाला पाण्याचा टँकर द्यायचं काम आमच्याकडे होतं, तेव्हा गावित त्या म्हाताऱ्याला भेटायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एकदा गावितने त्याच्या हातातली कात्री घेतली आणि एक काडी दोन डोळ्यांवर, म्हणजे दोनच कोंब राखून, कापून दाखवली. म्हाताऱ्याने त्याच्या हातावर चापट मारली. मग कापलेली जागा बराच वेळ निरखली आणि दुसरी काडी पुढे केली. त्यानंतर त्यांचं जमलं. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते, हे गावितने दोन बोटं दाखवून सांगितलं. म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही. नादियाला थोडं इंग्रजी यायचं. ती म्हणाली, "ते म्हणतात, हा शिपाई चांगला आहे, पण थापा मारतो."

मोठ्या देशाचा लायझन ऑफिसर एक कॅप्टन होता. महिन्यातून एकदा मीटिंगला यायचा. शांत माणूस. एकदा चहा घेताना त्याने सांगितलं की मागच्या वर्षी या बाजूच्या डोंगरातून आलेलं रॉकेट त्याच्या गावातल्या शाळेच्या मैदानात पडलं. दोन मुलं गेली. त्यातलं एक त्याच्या बहिणीच्या वर्गातलं. त्याची बहीण शिक्षिका होती.

"मी घरी जातो तेव्हा आई विचारते, परत कधी पडणार?" तो म्हणाला. "मी काय सांगू?"

हे मी मुद्दाम लिहितो. त्यांची भीती खोटी नव्हती. डोंगरात हत्यारबंद टोळ्या होत्या. त्या लहान देशाच्या सरकारला त्या आवरत नव्हत्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला इलियासच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात खोदकाम सुरू झालं. एक मशीन आलं. दिवसा खड्डा खणायचे, माती चारी बाजूंनी रचायचे आणि संध्याकाळी मशीनवर हिरवी जाळी टाकून ठेवायचे. चौथ्या दिवशी 1720 ला मी मनोऱ्यावरून दुर्बिणीने बघत होतो. गावित ड्यूटीवर होता.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"शेततळं हाय साहेब."

"कुंपणापासून सहाशे मीटरवर?"

"त्याची जागाच तिथं हाय. उतार तिकडं हाय. पाणी तिथंच साठणार."

"आणि जाळी?"

"पाखरांची जाळी हाय. द्राक्षावर टाकतात ती."

मी पुन्हा दुर्बीण लावली. त्या दिवसांत वातावरण चांगलं नव्हतं. सीमेखालून भुयारं खणतात, अशी चर्चा सगळ्या पोस्टवर होती. गावातली काही माणसं आमच्याकडे न बघता निघून जायची. मला वाटलं, तळं असेलही. पण नसलं तर?

गावित म्हणाला, "जाऊन बघून येऊ का? चाळीस मिनिटांत येतो परत."

संध्याकाळची पेट्रोल नुकतीच परतली होती. रिपोर्टची वेळ होत आली होती. बाहेर माणसं पाठवायची तर कंपनीकडून नव्याने परवानगी घ्यावी लागली असती. मी म्हणालो, "राहू दे. उद्या बघू."

रिपोर्ट इंग्रजीत असायचा. मी लिहिलं: कुंपणापासून सहाशे मीटरवर खोदकाम चालू. मशीन झाकलेलं. हेतू अज्ञात.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लिहून ठेवलेलं बरं, नंतर कोणी विचारायला नको, असा माझा विचार होता. दुसऱ्या दिवशी वरून दोन अधिकारी पाहणीला आले आणि दिवस त्यातच गेला. तिसऱ्या दिवशी मी विसरलो. आठवड्याभरात खड्ड्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला गेला. मनोऱ्यावरून खड्ड्याचा तळ दिसत नव्हता, पण बांधावर आलेल्या कागदाच्या कडा दिसत होत्या आणि तळंच आहे हे कळत होतं. आधीच्या रिपोर्टमध्ये दुरुस्ती पाठवायला हवी होती. मी पाठवली नाही.

सात आठवड्यांनी, 0515 ला, कंपनीहून रेडिओवर मेसेज आला.

"पोस्ट फोर, बंकरमध्ये राहा. पुढचा हुकूम मिळेपर्यंत बाहेर निघायचं नाही. ओव्हर."

"पोस्ट फोर, रॉजर. कारण? ओव्हर."

"सीमा ओलांडणार आहेत. आउट."

0610 ला तोफा सुरू झाल्या. पहिला मारा डोंगरावर. 0700 ला कुंपण तीन ठिकाणी तुटलं आणि रणगाडे आत आले. मी मोजत होतो, कळवत होतो. सगळ्या रेडिओ स्टेशनांवर त्यांचं निवेदन लागलं होतं. आमच्या दुभाष्याने कंपनीत ते ऐकून सांगितलं: आम्हाला या देशाची एक इंच जमीन नको, आमच्या सुरक्षिततेसाठी हे करावं लागतंय, काम झालं की परत जाऊ.

0830 ला गावातली माणसं पोस्टच्या गेटवर आली. बायका, म्हातारे, लेकरं. मी कंपनीला विचारलं.

"सिव्हिलियन गेटवर आहेत. साधारण चाळीस. आत घेऊ का? ओव्हर."

"वेट. आउट."

बेचाळीस मिनिटं आम्ही थांबलो. ती माणसं तारेपलीकडे जमिनीवर बसून होती. 0912 ला कंपनी कमांडर मेजर साहेबांचा स्वतःचा आवाज आला. "आत घ्या. जबाबदारी माझी."

आम्ही त्यांना टाकीमागच्या भिंतीआड बसवलं. गावातल्या एका बाईने डोकी मोजली आणि खुणेने सांगितलं, दोन कमी आहेत. इलियास आणि नादिया. म्हातारा गोठ्यातली जनावरं सोडायला बागेकडे गेला होता आणि सून त्याला आणायला.

गावित माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हेल्मेटचा पट्टा त्याने आधीच बांधला होता.

"साहेब, मला वाट माहीत हाय."

मारा तेव्हा पुन्हा डोंगराकडे सरकला होता. बागांकडे शांत होतं. मी मेजर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही तिथे आहात, तुम्ही ठरवा." मी ठरवलं. गावित आणि शिपाई मोरे, निळा झेंडा, एक वॉकीटॉकी, एक स्ट्रेचर. 1004 ला ते गेटमधून निघाले.

मग मी लायझनच्या लाइनवर त्या कॅप्टनला गाठलं. माझे दोन जवान निळा झेंडा घेऊन शेवटच्या बागेत जात आहेत, तिकडे मारा करू नका, हे कळवलं. मी नकाशावरचे आकडे दिले. त्याने ते पडताळले.

"तिथे नाही," तो म्हणाला. "त्यांना मागे बोलवा. ती जागा यादीत आहे."

"कसली यादी?"

"तिथे खोदकाम आहे. तुमचाच रिपोर्ट आहे. झाकलेलं मशीन. हेतू अज्ञात."

"तळं आहे ते. पाण्याचं. शेतीचं तळं."

"तुम्ही तसं लिहिलं नव्हतं."

"आता सांगतोय."

"मी वर कळवतो. पण वेळ लागेल. तुमची माणसं काढा तिथून."

त्याचा आवाज घाबरलेला होता. तो खोटं बोलत नव्हता, आणि तो माझा शत्रूही नव्हता. मी वॉकीटॉकी उचलला.

"गावित, ऐकू येतंय?"

"येतंय साहेब. सापडली दोघं. तळ्यात उतरून बसलेत. म्हाताऱ्याचा पाय मुरगळलाय."

"तिथून निघा. आत्ता. लगेच."

"स्ट्रेचर खाली उतरवलंय. पाच मिनिटं लागतील."

"पाच मिनिटं नाहीत. निघ."

"साहेब, म्हातारा चालू शकत नाय."

पुढचं मोरेने सांगितलं. तळ्याच्या बाजू उतरत्या होत्या आणि प्लास्टिकमुळे पाय घसरत होते. गावितने आधी नादियाला वर ढकललं. बांधावरून मोरेने तिचे हात धरून ओढलं. मग गावित परत खाली गेला आणि त्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं.

पहिला गोळा बागेत पडला. दुसरा तळ्यात. 1031.

मोरे आणि नादिया 1110 ला गेटवर आले. मोरेच्या खांद्यात गोळ्याची कपची घुसली होती. नादियाला ऐकू येत नव्हतं. ती माझ्याशी मोठ्याने बोलत होती, मला समजत नव्हतं. तिचं इंग्रजी त्या वेळी तिला आठवत नव्हतं.

1340 ला मारा थांबला, तेव्हा मी चार जवान घेऊन खाली गेलो. दोघं तळ्यातच होते. म्हातारा गावितच्या पाठीवर होता, तसाच. आम्ही त्यांना वेगळं केलं.

आम्ही तिथे असताना त्यांच्या सैन्याची एक तुकडी आली. पुढे एक कोवळा लेफ्टनंट. हत्यार रोखून तो बांधावर चढला आणि आत बघितलं. काळा कागद, तळाला साठलेलं थोडं पाणी, कोपऱ्यात ठिबकचे पाइप. 

"वॉटर?" त्याने विचारलं.

"वॉटर," मी म्हणालो.

त्याने खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं आणि माणसांना पुढे जायचा इशारा केला.

ते सैन्य काम झाल्यावर परत जाणार होतं. माझी मुदत संपून मी निघालो तेव्हाही ते तिथेच होतं. गावातली अर्धी घरं रिकामी होती. डोंगरातल्या टोळ्या आणखी मागे सरकल्या आणि तिथून रॉकेटं सोडायला लागल्या. टोळीत आता गावातली चार-पाच तरुण मुलं गेली आहेत, असं आमच्या कानावर आलं. आधी त्या गावातून कोणी गेलेलं मी ऐकलं नव्हतं. शेवटच्या मीटिंगला तो कॅप्टन आला होता. मी त्याच्या आईची चौकशी केली. तो म्हणाला, "अजून तेच विचारते."

चौकशी झाली. माझा रिपोर्ट तपासला गेला. निष्कर्ष असा निघाला की रिपोर्ट नियमानुसार होता, वेळेत होता आणि त्यात चूक नव्हती. मला समजही दिली गेली नाही. पुढे मी सुभेदार झालो आणि निवृत्त झालो.

गांगुर्डे सर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी फौजी आहे. आपल्यावर कोणी चालून आलं तर उत्तर द्यायचं, यात मला कधी शंका वाटली नाही, आजही नाही. पण कोणी चालून आलेलं नसताना, तो येईल या भीतीने त्याच्या घरात शिरायचं, ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा तुमच्या हातात असतात ते माझ्यासारख्याने संध्याकाळी घाईत लिहिलेले रिपोर्ट. "हेतू अज्ञात" असं लिहिलं की घाबरलेला माणूस तिथे स्वतःला हवा तो हेतू भरतो. माझ्या एका ओळीमुळे ते युद्ध झालं, असं मी म्हणत नाही. ते झालंच असतं. त्यांच्या यादीत अशा किती ओळी होत्या, मला माहीत नाही. त्यांतल्या किती ओळींमागे नुसती तळी होती, तेही माहीत नाही. आणि भीती मला नव्हती असं कसं म्हणू? दुर्बीण माझ्याच हातात होती.

गावितचं पार्थिव ओझरला विमानाने आलं आणि तिथून सुरगाण्याला. मी तेव्हा पोस्टवरच होतो. चार महिन्यांनी रजेवर आलो, तेव्हा त्याच्या पाड्यावर गेलो. त्याची आई होती, बायको सुमन होती. आईने विचारलं, "लढाई कोणाशी होती?"

"आपली लढाई नव्हती, आई."

"मग?"

मी सांगितलं, तो एका म्हाताऱ्याला वाचवायला गेला होता. ते खरं होतं. तेवढंच सांगून मी उठलो. त्यानंतर दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला जातो. पाड्यावरच्या शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा दगड आहे. आई आता नाही. दर वर्षी जाताना वाटायचं, या वेळी सांगायचं. दर वर्षी न सांगता परत यायचो.

या वर्षी हे लिहायला घेतलं होतं, म्हणून सांगावंच लागलं. दुसऱ्या कोणी वाचायच्या आधी सुमनला कळायला हवं होतं. मी सकाळी 0900 ला पोहोचलो. सुमन ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो जाऊन बघून येतो म्हणाला होता, मी राहू दे म्हणालो, मग काय लिहिलं, आणि नंतरही दुरुस्त केलं नाही. तिने सूप मांडीवर ठेवलं.

"तळं हाय असं त्यानं सांगितलं होतं?"

"हो. बघताक्षणी."

"तुम्ही तसं लिहिलं असतं तर ते लोक आले नसते?"

"आले असते. पण त्या तळ्यावर गोळा टाकला नसता. बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली.

ती पुन्हा पाखडायला लागली. मी निघावं की थांबावं, मला कळेना. कोंडा वाऱ्याने माझ्या बुटांवर येत होता. हात न थांबवता ती म्हणाली, "लय वर्षं लावलीत, साहेब."

"हो."

"आई असताना सांगायचं."

  तिने नागली टोपलीत ओतली आणि पदराने हात पुसले.

"त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?"

"इलियास."

"परत सांगा."

"इलियास."

"आणि ती सून?"

"ती जिवंत आहे. नवऱ्याकडे गेली, असं कळलं होतं. पुढचं माहीत नाही."

अकरा वाजता शाळेत कार्यक्रम सुरू झाला. माजी सैनिक चार-पाच, सरपंच, शिक्षक, पाड्यातली माणसं. सुमन दर वर्षी बायकांच्या रांगेत बसते आणि काही बोलत नाही. शिक्षकांनी कागदावरून वाचलं, "लान्स नायक यशवंत गावित." आम्ही माजी सैनिकांनी सॅल्यूट केला. शिक्षक कागदाची घडी घालायला लागले, तेवढ्यात सुमन जागेवरून उठली.

"आणि इलियास," ती म्हणाली.

शिक्षकांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांनी ते नाव मोठ्याने घेतलं. मग आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो.